लोखंडी खलातली डिस्क

एकदा एक म्हातारा लॅपटॉप होता. दृष्टांताची सुरुवात राजा, साधू नाहीतर व्यापारी यांच्यापासून करायची रीत मला ठाऊक आहे, आणि व्यापारी पुढे येणारही आहे. पण या गोष्टीत सगळ्यांत आधी थकला तो लॅपटॉप, म्हणून पहिला मान त्याचा. तो होता एका वृद्ध वैद्यांचा. वैद्य घाटाच्या पायथ्याशी एका गावात राहत. त्यांचं आणि गावाचं नाव सांगत नाही. कोणी ओळखीचं निघालं तर उगाच पंचाईत.

लॅपटॉप इतका जुना झाला होता, की त्याची कळ दाबून वैद्यांनी आंघोळ-संध्या उरकून यावं, तेव्हा कुठे तो डोळे उघडी. बिजागरी सैल झाली होती, म्हणून झाकणाला मागून च्यवनप्राशाच्या बरणीचा टेकू दिलेला असे. त्यावर कोणी हसलं तर वैद्य म्हणत, "वय झालं की सगळ्यांनाच च्यवनप्राशाचा आधार लागतो." खरी अडचण मात्र निराळीच होती. त्याच्या पोटात जागा उरली नव्हती. नवा फोटो साठवायला जावं तर तो नाही म्हणे, आणि अधूनमधून आतून घरघर ऐकू येई.

पोटात होतं तरी काय? वैद्यांना रोग्याची जीभ पाहायची सवय आणि पाहिलेल्या जिभेचा फोटो काढून ठेवायची हौस. त्यामुळे अख्ख्या पंचक्रोशीच्या जिभा तिथे जमा होत्या: पांढऱ्या थराच्या, भेगाळलेल्या, लाल टोकाच्या, आणि 'पथ्य पाळलं' असं सांगणाऱ्या पण पथ्य न पाळलेल्या. भरत आलेल्या जखमा होत्या. डोंगरावरच्या वनस्पती होत्या, प्रत्येक ऋतूतल्या. आणि एका फोल्डरमध्ये थोरल्या वैद्यांचा आवाज होता.

थोरले वैद्य म्हणजे आपल्या या वैद्यांचे गुरू. ते जाऊन फार वर्षं लोटली होती. पूर्वी रानात फिरताना ते शिकवत, देठ चुकीचा खुडला की रागावत; तेव्हा या वैद्यांनी, म्हणजे त्या वेळच्या तरुण शिष्याने, त्यांचं बोलणं कॅसेटवर धरून ठेवलं होतं. पुढे कॅसेटला बुरशी लागायला लागली, तशी ती भाषणं लॅपटॉपमध्ये उतरवून घेतली आणि कॅसेट टाकून दिल्या. थोरल्यांच्या पुण्यतिथीला वैद्य खोलीचं दार लोटून घेत आणि तो आवाज ऐकत. बाहेर एवढंच ऐकू येई: पाचोळा वाजतोय, कोणीतरी खोकतंय, आणि कोणीतरी कोणालातरी रागावतंय. त्या दिवशी वैद्य जेवायला उशिरा येत आणि आले की फारसं बोलत नसत.

ही सगळी दौलत एकाच ठिकाणी होती. दुसरीकडे एक प्रत काढून ठेवावी, असं मनात अनेकदा आलं होतं. पण मनात आलेलं आपोआप पेनड्राइव्हवर जात नाही, हा अनुभव तुम्हालाही असेल.

वैद्यांपाशी एक शिष्य होता. आयुर्वेदाची पदवी घेऊन आलेला, मोठा गुणी. नाडीवर बोटं ठेवली की निदान सहसा चुकत नसे. रोग्यांशी बोलणं असं गोड, की निम्मा आजार पायरीवरच उतरावा. वैद्यांचा त्याच्यावर जीव होता आणि त्याचा वैद्यांवर. खोड म्हणावी तर एकच. ती खोड म्हणजे 'झालं' हा शब्द.

"काढा गाळलास का रे?" झालं. "बरण्या उन्हात ठेवल्यास?" झालं. "त्या आजींना पथ्य नीट समजावून सांगितलंस?" झालं, गुरुजी. काम शेवटच्या पायरीला पोचायच्या आत याचा शब्द अंगणात पोचलेला असे. तो खोटारडा होता असं कृपा करून समजू नका. बहुतेक काम खरोखरच झालेलं असे. राहिलेलं असे ते चिमूटभर. आणि ते चिमूटभर मागाहून कोणीतरी पुरं करून टाकी. कोण, हे त्याने कधी विचारलं नव्हतं. विचारायची वेळच आली नव्हती.

आता तो व्यापारी. काष्ठौषधींचा मोठा व्यापार असलेले एक शेठ वैद्यांकडे वर्षानुवर्षं येत-जात. शहरात मोक्याच्या जागी औषधालय काढायचं आणि तिथे वैद्यांच्या तालमीत तयार झालेला माणूस बसवायचा, असं त्यांनी मनात घेतलं होतं. माणूस म्हणजे अर्थात हा शिष्य. जागा पाहून झाली, कपाटं आली, पाटीचा रंगसुद्धा चर्चेत होता. फक्त वैद्यांचा होकार यायचा होता. ते काही नाही म्हणत नव्हते. पण शेठनी विषय काढला की "बघू" म्हणत, आणि वैद्यांचं "बघू" म्हणजे काय हे शेठना अजून उलगडलेलं नव्हतं. शिष्याचा तर त्या "बघू"पायी जीव टांगणीला लागला होता. त्याला दुसरं काही नको होतं. स्वतःच्या गादीवर बसून, स्वतःच्या हाताने नाडी पाहायची, एवढंच त्याचं स्वप्न.

एके दिवशी वैद्य म्हणाले, "अरे, या म्हाताऱ्याच्या पोटाचं काहीतरी कर बाबा. जागा वाढवता येते म्हणतात ना?"

"येते गुरुजी. जुनी डिस्क काढायची, नवी मोठी एसएसडी बसवायची. लॅपटॉप पोरासारखा पळायला लागेल."

"पळायला नको. आहे ते सांभाळलं तरी पुष्कळ. आतलं सगळं नव्या डिस्कवर नीट जाऊ दे."

शिष्याने तालुक्याहून नवी डिस्क आणली. लॅपटॉप पालथा घालून स्क्रू काढले, धुळीचा बोळा फुंकला, जुनी डिस्क अलगद बाहेर घेतली आणि नवी तिच्या जागी सरकवली. तिच्यावर विंडोज चढवलं. मग जुनी डिस्क एका डबीत घालून वायरीने लॅपटॉपला जोडली आणि तिच्यातलं सारं नव्या डिस्कवर उतरवायला लावलं. पडद्यावर हिरवी पट्टी हळूहळू पुढे सरकायला लागली. इथवरचं त्याचं काम नाव ठेवण्यासारखं नव्हतं.

दुपारी पट्टी थांबली. पडद्यावर चौकट आली: अमुक फाइल वाचता येत नाही. पुन्हा प्रयत्न करायचा, की सोडून पुढे जायचं? डिस्क जुनी, तिचा एक कोपरा किडलेला होता. शिष्याने एकदा पुन्हा प्रयत्न केला. पट्टी हलेना. तेवढ्यात शेठचा फोन आला. पाटी हिरवी करायची की मरून रंगाची, यावर त्यांचं काही ठरत नव्हतं. फोन कानाशी धरूनच शिष्याने बाण 'स्किप'वर नेऊन टिचकी मारली, आणि पुन्हा पुन्हा विचारत बसू नये म्हणून 'यापुढच्या सगळ्यांना हेच' या खुणेवरही टिचकी मारली. पट्टी सुरळीत पुढे निघाली. पाटी मरून ठरली.

काम संपल्यावर त्याने नव्या डिस्कवर नजर फिरवली. जिभांचा फोल्डर होता, वनस्पतींचा होता, थोरल्या वैद्यांचाही होता. सगळी नावं जागच्या जागी होती. त्याने लॅपटॉप मिटला आणि तो जेवायला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठ आले, मोठी गाडी घेऊन. आज होकार घेऊनच उठायचं, असा त्यांचा बेत होता. चहा झाला. अंगणात वैद्य बसले होते, शेजारी शेठ, आणि शिष्य उभा. वैद्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं,

"काय रे, लॅपटॉपचं झालं?"

"झालं, गुरुजी."

"सगळं आलं नव्यावर?"

"हो, सगळं."

"पाहिलंस?"

"पाहिलं ना."

"जुनी डिस्क कुठाय? आण बघू."

शिष्याने आणून दिली. हाताच्या तळव्यात मावेल एवढी ती चपटी डबी वैद्यांनी उलटसुलट पाहिली. मग ते उठले. अंगणाच्या कोपऱ्यात एक मोठा लोखंडी खल पडलेला असे. तळाला चीर गेल्यापासून औषधासाठी तो वापरत नसत. वैद्यांनी जुनी डिस्क त्या खलात ठेवली आणि भिंतीला टेकलेला जड बत्ता दोन्ही हातांनी उचलला.

"अहो, हे काय करताय?" शेठ अर्धवट उठले.

"हिच्यात लोकांचे आजार आहेत, शेठ. कोणाचं काय दुखतं हे लोकांनी मला सांगितलं, भंगारवाल्याला नाही. ती अशीच टाकून कशी द्यायची?"

बत्ता वर धरून वैद्य थोडे थांबले. त्यांनी शिष्याकडे पाहिलं. आणि नेमकी त्याच वेळी शिष्याच्या डोळ्यांसमोर कालची चौकट उभी राहिली. स्किप. सगळ्यांना हेच. काय सोडलं होतं आपण? किती सोडलं होतं? 'थांबा' एवढा एकच शब्द म्हणायचा होता. पण समोर शेठ बसलेले. आत्ताच तर ठणकावून 'पाहिलं' म्हणालो. आता कोणत्या तोंडाने म्हणायचं, की नीट पाहिलेलं नाही? आणि गेलं असेल तर काय, एखादा अंधुक फोटो गेला असेल. तो गप्प राहिला.

बत्ता खाली आला.

लॅपटॉपच्या जुन्या डिस्कच्या आतली चकती पुष्कळदा काचेची असते. शिष्याला हे माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. पहिल्या घावाला पत्रा वाकला. दुसऱ्याला आतून असा आवाज आला, की कोणाच्यातरी हातातला बांगड्यांचा चुडा एकदम फुटावा. वैद्य थांबले नाहीत. ज्या संथपणे ते हिरडा कुटत त्याच संथपणे त्यांनी ती डिस्क कुटली, आणि बत्ता बाजूला ठेवला तेव्हा खलात चुरा होता. उन्हात तो चमकत होता.

शेठचा आ वासलेला तसाच राहिला. "वैद्यराज," ते कसेबसे म्हणाले, "मी व्यापारी माणूस. आमच्यात जुनं दुकान मोडायच्या आधी नवं उघडून आठ दिवस बघतात."

"तुमची रीत शहाणपणाची आहे," वैद्य म्हणाले आणि हात धुवायला गेले.

शिष्य तडक आत गेला. त्याने लॅपटॉप उघडला. नव्या डिस्कमुळे तो झटकन उघडला. एवढ्या लवकर उघडू नये असं त्याला आयुष्यात प्रथमच वाटलं. जिभा होत्या. एक एक फोटो उघडून पाहिला, ठीक होते. जखमा होत्या. वनस्पती होत्या. त्याला जरा हुशारी आली. मग त्याने थोरल्या वैद्यांच्या फोल्डरवर टिचकी मारली.

फोल्डर उघडला. आत काही नव्हतं.

त्याने बंद करून पुन्हा उघडला. दुसऱ्या वाटेने जाऊन उघडला. कुठे चुकून दुसरीकडे गेलं असेल म्हणून सगळ्या डिस्कवर शोध लावला. फोल्डरचं नाव तेवढं आलं होतं. नावाच्या आत पांढरं मोकळं पान. किडलेल्या कोपऱ्यात होत्या त्या नेमक्या याच फायली. ज्या माणसाला त्याने कधी पाहिलं नव्हतं, ज्याचा खोकला फक्त दाराआडून ऐकला होता, त्या माणसाला आपण या हातांनी दुसऱ्यांदा मारलं, असं त्याला वाटलं. मी यात काहीच वाढवून सांगत नाही. त्याला नेमकं असंच वाटलं.

आणि लगेच, माणसाचं मन मोठं चलाख, दुसरा विचार आला. पुण्यतिथीला अजून अवकाश होता. तोवर आपण शहरात असू. वैद्य फोल्डर उघडतील तेव्हा म्हणता येईल, की नवी डिस्क बिघडली असेल, गुरुजी, हल्ली मालात दम राहिलेला नाही. वैद्यांना त्यातलं काय कळणार? ते मान हलवतील आणि दार लोटून घेतील. कोणीच कोणाला दोष देणार नाही. झालं.

तो बाहेर आला तेव्हा शेठ रंगात आले होते.

"मग काय वैद्यराज, होकार समजू ना? अहो, गिऱ्हाईक आत्तापासून विचारतंय! हे बघा, हे आलेच तुमचे चिरंजीव. काय हो, ती तापावरची गोळी, बचनागाची, ती पहिल्या खेपेलाच न्यायचीये मला. बचनाग शुद्ध करून ठेवलाय म्हणालात ना फोनवर? सगळं झालं ना?"

बचनाग हे जहाल विष. ते विधिपूर्वक शुद्ध केलं, की त्याचंच औषध होतं. शुद्धीत कसर राहिली, तर औषधाच्या पुडीतून विषच जातं. शिष्याने तोंड उघडलं. जो शब्द इतकी वर्षं आपसूक जिभेवर येत असे तो आज घशात अडकला. त्याच्या कानात चुडा फुटल्याचा आवाज घुमत होता. शेठ त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. वैद्यही बघत होते.

"गुरुजी," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज त्यालाच ओळखू येईना, "लॅपटॉपचं झालं नव्हतं. मी पाहिलं म्हणालो, ते फक्त फोल्डरची नावं पाहिली होती. काही फायली येत नव्हत्या, त्या मी सोडून दिल्या. कोणत्या, ते वाचलंसुद्धा नाही."

"कोणत्या होत्या?"

शिष्याला सांगवेना.

"कोणत्या रे?"

"थोरल्यांचा आवाज."

आता गोष्टीतला वृद्ध मंद हसतो आणि ज्ञानाचे चार शब्द बोलतो, अशी तुमची अपेक्षा असेल. तसं घडलं नाही. वैद्यांचा चेहरा पांढराफटक पडला. ते उभे होते, ते मागे हाताने चाचपत ओट्यावर बसले. "सगळा?" त्यांनी विचारलं. शिष्याने मान हलवली. "रानातला? तो... देठाबद्दल रागावतात तो?" शिष्याने पुन्हा मान हलवली. त्यांनी खलाकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. शेठनी घाबरून पाण्याचा तांब्या पुढे केला.

वैद्यांनी पाणी घेतलं नाही. मग मात्र शेठचा संयम सुटला. "शहरात असलं मेलेलं सामान जिवंत करून देणारे बसलेत, वैद्यराज! बिघडलेल्या डिस्कमधून काढून दिलं असतं त्यांनी. पण तुम्ही तर पीठ करून टाकलंत! माफ करा, लहान तोंडी मोठा घास घेतोय, पण आधी खात्री तरी करायची!"

"केली होती," वैद्य म्हणाले. "त्याला विचारलं होतं."

शिष्याला वाटलं, याहून बत्ता डोक्यात घातला असता तरी चाललं असतं.

वैद्यांनी उपरण्याने तोंड पुसलं. बोलू लागले तेव्हा आवाज बसलेला होता, पण राग नव्हता.

"बस इथे. शेठ, तुम्हीही बसा. तुमच्या औषधालयाचंच बोलतोय. परवा मी रसशाळेत गेलो होतो. तू शुद्ध करून ठेवलेला बचनाग काढला आणि कणभर जिभेच्या टोकाला लावून पाहिला. टोक संध्याकाळपर्यंत बधिर होतं."

शिष्य दचकला. शेठनी तर स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.

"तो सगळा मी बाजूला काढून ठेवलाय. पहिलाच नव्हे. इतकी वर्षं तू 'झालं' म्हणालास, की मी पाठोपाठ जायचो आणि उरलेलं करून यायचो. गाळलेला काढा पुन्हा गाळायचो. त्या आजींना पथ्य पुन्हा सांगायचो. हे माझं चुकलं. प्रेमापोटी चुकलं, पण चुकलं. तुझ्या प्रत्येक 'झालं'च्या मागे एक जुनी डिस्क जोडलेली होती. काही राहिलं तर तिच्यातून घेता येईल, अशी. ती म्हणजे मी. आता तू शहरात बसणार. तिथे तुझ्या मागोमाग रसशाळेत कोण जाईल? शेठ जातील? तिथे तू 'झालं' म्हणशील आणि रोगी पुडी तोंडात टाकेल."

"मला बोलला असतात, गुरुजी..." शिष्य म्हणाला.

"बोललो असतो तर तू माफी मागितली असतीस. आणि माफी तुला फार छान मागता येते." वैद्य पुसट हसले. "लगेच विरघळायला होतं. मीही विरघळलो असतो. म्हणून म्हटलं, एकदा याच्या शब्दावर विसंबून पाहू. पुरतं विसंबू. मागे काही न ठेवता. बत्ता उचलून मी थांबलो होतो. तू 'थांबा' म्हणशील असं वाटलं होतं मला."

शिष्याने गुडघ्यांत डोकं घातलं.

शेठ चुळबुळ करत होते. त्यांना एक प्रश्न पडला होता आणि तो विचारावा की नाही कळत नव्हतं. शेवटी विचारलाच. "म्हणजे वैद्यराज, तुम्हाला ठाऊक होतं? की तो आवाजच जाणार?"

"छे हो!" वैद्य कळवळून म्हणाले. "काहीतरी जाईल एवढं धरून चाललो होतो. मला वाटलं होतं, थोड्या जिभा जातील."

यावर हसावं की रडावं हे तिघांनाही कळलं नाही. शेठच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं, आणि ते लपवायला ते उगाच गाडीकडे बघू लागले.

काही वेळाने घसा खाकरून ते म्हणाले, "म्हणजे औषधालयाचं राहिलंच म्हणायचं. ठीक आहे. मी दुसरा कोणी..."

"राहिलं कसं? घेऊन जा त्याला."

शिष्याने मान वर केली. आपण भलतंच ऐकलं, असं त्याला वाटलं. "मला? आता?" तो म्हणाला. "नको, गुरुजी. माझी लायकी नाही. मी आणखी काही वर्षं इथेच राहतो."

"काल नव्हती लायकी. काल मी 'बघू'च म्हणणार होतो," वैद्य म्हणाले. "आत जाऊन तो फोल्डर पाहिल्यावर तुला वाट मोकळी होती. मला त्यातलं काय कळतं? डिस्क बिघडली म्हणाला असतास तर मी मान हलवली असती. हो ना?"

शिष्याचा चेहरा भीतीने कसनुसा झाला. मनातलं पान वैद्यांनी कसं वाचलं हे त्याला कळेना. वैद्यांनी काही वाचलं नव्हतं. ते स्वतःही कधीकाळी कोणाचे तरी शिष्य होते, एवढंच.

"तू बाहेर येऊन सांगितलंस. कोणी पकडलेलं नसताना सांगितलंस. तुला ओळखतो तेव्हापासून हे तुझं पहिलं काम, जे पुरं झालं. आणखी काही वर्षं इथे राहिलास तर मी पुन्हा तुझ्या मागे मागे फिरायला लागेन. माझी खोड तुझ्यापेक्षा जुनी आहे. जा तू."

शिष्य उठला. त्याला एक गोष्ट विचारल्यावाचून राहवेना. "गुरुजी, थोरल्यांची पुण्यतिथी आली म्हणजे... तुम्ही काय ऐकाल?"

वैद्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. बहुधा त्यांना थोरल्यांसारखं बोलून दाखवायचं होतं, कारण त्यांनी मान किंचित वाकडी केली आणि भुवया आवळल्या. पण तो आवाज काही त्यांच्या गळ्यातून निघाला नाही. त्यांनी पुन्हा एकदा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

"गुरुदक्षिणा शिष्याने द्यायची, असं आपण ऐकत आलो," ते हळूच म्हणाले. "या खेपेला ती माझ्या गुरूंनी दिली. तुझ्यासाठी. तुझं तर तोंडही त्यांनी पाहिलं नव्हतं."

शिष्याचे हात सवयीने जोडले गेले होते. माफीचे शब्दही ओठांवर तयार होते. त्याने ते गिळले आणि हात खाली घेतले. शेठ म्हणाले, "चला मग, सामान भरू, निघायला हवं." शिष्य म्हणाला, "जरा थांबा, तो बचनाग आधी बघतो," आणि रसशाळेकडे गेला. वैद्य त्याच्या मागोमाग उठले नाहीत. उठावंसं त्यांना फार वाटत होतं, हे ओट्याची कड धरलेल्या त्यांच्या हातांवरून दिसत होतं. पण ते बसून राहिले, आणि आत बराच वेळ शिष्य एकटाच काम करत होता.

आपल्या 'झालं'च्या मागे गुपचूप कोण उभं आहे, हे ते माणूस उभं आहे तोवर आपणही एकदा वळून पाहावं.